पहाऱ्यावरचा तळहात

तलासरीकडच्या त्या पाड्यावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पिशवीत रंगीत खडूंचे सहा डबे, दोन हातबाहुल्या आणि बराचसा गर्व होता. डहाणूच्या शाळेत बावीस वर्षं चित्रकला शिकवलेली. त्यात धसका घेतलेल्या मुलांना न बोलता, चित्रांतून आणि खेळांतून मोकळं कसं करायचं, याचं आठ दिवसांचं प्रशिक्षण नुकतंच घेतलेलं. आठ दिवसांत माणूस किती शहाणा होतो ते मला विचारा.

त्या वर्षी आमच्याकडे जमिनीला स्वस्थता नव्हती. आधी तिच्या पोटातून गुरगुर ऐकू यायची, मग हादरा. पाड्यावरची माणसं घरं सोडून अंगणात तंबू टाकून राहत होती. चूल तंबूत, पाळणा तंबूत, आणि दहा पावलांवर आपलंच घर रिकामं. स्वतःच्या दाराबाहेर निर्वासित होणं मी तिथे पाहिलं.

अंगणवाडी चिंचेखाली भरायची. तिथे सहा वर्षांची एक मुलगी होती. भर दुपारी हादऱ्याने तिच्या घराची कुडाची भिंत पडली, तेव्हा आत ती एकटीच धाकट्या भावाला झोका देत होती. बाळ मातीतून धडधाकट निघालं, पण त्या दिवसापासून हिचं बोलणं बंद झालं आणि डावा तळहात जमिनीला चिकटला. जेवताना, झोपताना, सतत. चालताना दर चार पावलांनी ती खाली बसून जमीन चाचपायची. जूनमध्ये तिला पहिलीत जायचं होतं आणि शाळा ओढ्यापलीकडे. अशाने पोरगी शाळेपर्यंत पोचायची कशी, याचा तिच्या आईला घोर लागला होता. आता तो मलाही लागला.

मी तिला कागद दिला. एका हाताने तो धरता येईना, उडून गेला. दुसऱ्या कागदावर मी दगड ठेवला आणि स्वतःवर खूश झाले. तिने दगडाभोवती एक रेघ काढली आणि खडू परत दिला. बाहुल्यांकडे तर तिने ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी मुलांचं रिंगण करताना माझा धीर सुटला आणि मी तिचा हात जमिनीवरून उचलला. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. बरं केलं तिने, असं आज म्हणते. तेव्हा मात्र मी भयंकर चिडले होते.

अंगणवाडीची मदतनीस पन्नाशीची होती. खिचडी शिजवायची, भांडी घासायची, सगळे तिला मावशी म्हणायचे. भांडी झाली की ती रोज त्या मुलीशेजारी जाऊन बसे आणि आपलाही तळहात जमिनीवर ठेवी. बोलणं नाही, गोंजारणं नाही. अर्धा तास दोघी तशाच. मला वाटायचं, बाई दमून टेकली असेल.

त्या चाव्याच्या दिवशी माझ्या मनगटाला हळद लावता लावता मावशी म्हणाली, "बाई, ती पहाऱ्यावर हाय. तिचा पहारा कोणी घेतल्याबिगर ती हात कशी उचलेल?"

आठ दिवसांत एवढं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशीने खिचडीचे तांदूळ सुपात घालून मुलीपुढे ठेवले. स्वतः शेजारी बसली, तळहात जमिनीवर पसरला आणि हनुवटीने सुपाकडे खूण केली. सूप काही एका हाताने पाखडता येत नाही. मुलगी मावशीच्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली. मग तो नीट टेकलाय ना, हे तिने बोटाने दाबून तपासलं. आणि आपला डावा हात उचलला. पांढराफटक पडलेला, भेगाळलेला. दोन्ही हातांनी सूप धरून ती पाखडू लागली, निम्मे तांदूळ सांडत. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

मग ते रोजचंच झालं. खडू पिशवीत राहिले आणि मी मावशीच्या हाताखाली तांदूळ निवडू लागले. कधी पहारा माझ्याकडे यायचा. मावशीचा हात मुलगी एकदा तपासायची, माझा दोनदा. त्यात तिचं काय चुकलं?

एका सकाळी ती पाखडत असताना मावशीचा हात ताठ झाला. "हादरा येतोय," मावशी म्हणाली. गुरगुर झाली, पातेली खडखडली, चिंचेची पानं अंगावर पडली आणि सगळं थांबलं. आम्ही उघड्यावर होतो, कोणाला काही झालं नाही. पण माझे हात थरथरत होते, मांडीवर दाबून धरले तरी थांबेनात. मुलीने सूप खाली ठेवलं. झालं, गेला हात पुन्हा जमिनीवर, असं मला वाटलं.

तिने तो माझ्या हातांवर ठेवला. जमिनीवर ठेवायची तसाच, घट्ट. थरथर थांबेपर्यंत काढला नाही. मग तिने सूप उचललं आणि राहिलेले तांदूळ पाखडायला घेतले.