पेन्सिलीचा वास

दाजी हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. बायकोचा धाकटा भाऊ वाइनरीत कामाला लागला, पहिल्याच दिवशी टाक्यांमधून "दाजी, ओ दाजी" करत हिंडला, आणि संध्याकाळपर्यंत बाटल्या धुणाऱ्या बायकांपासून मालकीणबाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. म्हणजे मेहुण्यानं आल्या आल्या नावच बदलून टाकलं. दाजीच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

लाल ब्लेंड हे दाजीचं राज्य. तीन जातींच्या द्राक्षांच्या वाइन वेगवेगळ्या पिंपांत मुरायच्या आणि कुठली किती मिसळायची ते त्याची जीभ ठरवायची. घोट घ्यायचा, तोंडात खळबळवायचा, थुंकायचा, मान हलवायची. बोलायचं नाही. मेहुणा मात्र ग्लासात नाक खुपसायचा आणि डोळे मिटून, भूल दिल्यासारखा पुटपुटायचा, "काळी मनुका... मागून आलूबुखार... आणि शेवटी, दाजी, नुकत्या तासलेल्या पेन्सिलीचा वास."

"शाळेत खायचास वाटतं," दाजी म्हणायचा.

पाहुणे खूश व्हायचे. तेही एक वेळ चाललं असतं. पण बायको? दाजीच्या वाइनला इतक्या वर्षांत "बरी आहे" यापलीकडे जिला शब्द सुचला नव्हता, तिलाही हल्ली पेन्सिल सापडायला लागली होती.

यंदा मालकीणबाईंनी फर्मान काढलं. दोघांनी एकेक ब्लेंड करा, जेवणाबरोबर चाखू, जी आवडेल ती बाटलीत. दाजीनं आपली केली ती भरदार, गोडसर, दोन घोटांत कान तापवणारी. मेहुण्याची त्यानं सुरुवातीलाच चाखली होती. इतकी तुरट की जीभ टाळूला चिकटली. नंतर मेहुणा रोज ग्लास घेऊन मागे लागला, "दाजी, आता बघा ना जरा." दाजी बूच ठोकत म्हणायचा, "दिसत नाही का, कामात आहे."

वाइनरीचं स्वयंपाकघर बायकोकडे होतं. चाखायच्या दिवशी सकाळी दाजी तिथं उगीच घुटमळला.

"मशरूम भाजशील त्यात मिरची सढळ हातानं घाल. मालकीणबाईंना तिखट आवडतं."

"कधीपासून?"

"हल्ली."

तिखटावर तुरट वाइन आणखी बोचते, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. मेहुण्याचं तोंड कसं पडेल ते तो मनातल्या मनात करूनही बघत होता.

जेवायला बसल्यावर मालकीणबाईंनी मशरूम खाल्लं, वर दाजीच्या वाइनचा घोट घेतला आणि पाण्याचा तांब्याच ओढला. "दाजी, ही तर पेटली हो." तिखटावर कडक वाइन जाळते, हे दाजी स्वतः दरवर्षी नव्या माणसांना शिकवायचा. आज तेवढं नेमकं डोक्यातून गेलं होतं.

मग त्यांनी मेहुण्याचा ग्लास उचलला. एक घोट. थांबल्या. पुन्हा एक. "ही मऊ आहे. तोंड निवलं."

"मऊ कुठली? तुरट आहे ती," दाजी बोलून गेला.

"होती, दाजी. तुम्हीच मागे म्हणाला होतात ना, तुरट झाली की हलक्या वाइनच्या पिंपातली ओत. ओतली. तेच दाखवायला येत होतो रोज."

"आणि मिरचीही यांनीच घालायला लावली हं," बायको वाढता वाढता म्हणाली. दाजीकडे तिनं मुद्दाम पाहिलं नाही.

मेहुण्याचे डोळे भरून आले. तिखटानंही असतील. "माझ्यासाठी, दाजी?"

दाजीनं मशरूमचा घास कोंबला.

"ठरलं, हीच बाटलीत," मालकीणबाई म्हणाल्या. "दाजी, लेबलावर काय छापायचं? वास कसला येतोय सांगा."

दाजीनं ग्लास नाकाशी नेला. मनुका होती. आलूबुखार होतं. सगळं टेबल त्याच्याकडे बघत होतं, बायको सगळ्यात जास्त.

"पेन्सिल," तो म्हणाला. आणि लगेच, "पण तासलेली नाही."