चार बोटं पातं

मागच्या फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की आजी तलवारींची चित्रं का काढते, आणि मी विषय बदलला. आजोबा शेजारीच होते, त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. आता ते झोपले आहेत. दुपारचा एवढा वेळ माझा असतो, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आजोबांची उजवी बाजू गेल्यापासून त्यांना एकटं सोडता येत नाही. एकदा मी खाली औषध आणायला गेले, तेवढ्यात ते उठायला गेले आणि पलंग व कपाट यांच्यामध्ये पडले. मी येईपर्यंत तसेच होते. मी वर आल्यावर म्हणाले, "तुझी वाट बघत होतो, आणखी काय करणार." तेव्हापासून मी जिन्याच्या पहिल्या वळणापलीकडे क्वचितच गेले आहे. जयेंद्रगंजातलं हे घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट लहरी. भाजी गच्चीतून दोरीला बांधलेल्या टोपलीत वर येते. बाड्यावरच्या बाजारात मी दर शनिवारी कागद-रंग आणायला जायची. आता तिकडची वर्दळ फक्त ऐकू येते.

अशात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. मी शाळेत चित्रकला शिकवायची तेव्हा ती मागच्या बाकावर बसून माझीच चित्रं काढायची. आता बंगळूरला संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत चित्रकारांची प्रमुख आहे. त्यांच्या नव्या खेळात एक काल्पनिक राज्य, त्याची राणी, आणि राणीची तलवार. "मॅडम, आप बनाइए ना," ती म्हणाली. मी फार विचार न करता हो म्हटलं.

पहिल्या तलवारीच्या मुठीला मी गरुडाचे पंख लावले, पात्यावर वेल कोरली, मुठीत माणकं बसवली. मला ती फार आवडली होती. विद्यार्थिनीने व्हिडिओ कॉलवर ती मोठी करून पाहिली.

"मॅडम, रानी का हाथ तो इन पंखों से ही कट जाएगा."

मी पंख काढले. दुसरी फार रुंद झाली. ती उचलायला राणीला दोन नोकर लागले असते. तिसरी बेताची होती. त्यावर ती जे म्हणाली ते मला दिवसभर पुरलं.

"सुंदर है. पर किसी की नहीं लगती."

दसऱ्यानंतर खेळाचं पुढचं काम सुरू होणार होतं. तोवर जमलं नाही तर तलवार दुसऱ्या कुणाकडे जाणार, हे तिने मला स्पष्टच सांगितलं. मीही तिला शाळेत स्पष्टच सांगायची. हे काम गेलं असतं तर माझ्याकडे गोळ्यांच्या वेळा आणि दारावरची घंटा एवढंच उरलं असतं. दिवसातून थोडा वेळ का होईना, मी या घराबाहेर असायची ती त्या राज्यातच.

मी मुलांना कायम सांगत आले की आधी वस्तू बघा, हातात घ्या, मग काढा. इथल्या राजवाड्याच्या संग्रहालयात तलवारी भरपूर आहेत, पण तिथे जाणार कोण? आणि घरात जी एक होती, ती देवघरातल्या कपाटात मखमलीत गुंडाळलेली. आजोबांचे पूर्वज दक्षिणेतून मराठी फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले, त्यांची. दसऱ्याला घरातल्या पुरुषाने ती म्यानातून काढायची, पुसायची, तेल लावायचं. बायकांनी हळदकुंकू वाहायचं. आजोबांचा हात गेल्यावर त्यांनीच ठरवलं की म्यानाचीच पूजा करायची. तेव्हापासून पातं कुणी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी मी झेंडूचं ताट घेऊन त्यांच्या पलंगापाशी बसले.

"अहो, यंदा मी काढू का ती?"

"तू?"

"मला बघायची आहे. कामासाठी."

"जन्मभर लौकी चिरलीस, आता तलवार." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "रहने दे. आपल्यात बायका काढत नाहीत."

"मग कोण काढणार? तुम्ही?"

असं मी त्यांना आजारपणात कधी बोलले नव्हते. मी आरती केली, शमीची पानं वाहिली, त्यांना सोनं दिलं. डाव्या हातातली पानं ते उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "आण इकडे. म्यान मी धरतो."

म्यान त्यांनी डाव्या काखेत दाबून धरलं. मी मूठ धरली आणि थांबले. पूर्वज धिप्पाड होते असं लग्न झाल्यापासून ऐकत आले होते, पण त्या मुठीत माझा हात नेमका बसला.

"बघतेस काय, ओढ."

चार बोटं पातं बाहेर आलं आणि अडकलं. मी पाय पलंगाला लावून ओढलं. ते कण्हत म्हणाले, "अगं, मलाच म्यानातून काढशील." मग आत ढकलून पाहिलं, आतही जाईना. आमच्याकडे कुंकू ओलं करून म्यानाच्या तोंडाशी लावतात, वर दूर्वांनी पाणी शिंपडतात. पूर्वी पातं नंतर पुसलं जायचं. गेली काही वर्षं ते पाणी आतच मुरत होतं.

"आता लोक विचारतील," ते म्हणाले.

"लोक येतात कुठे आपल्याकडे?"

यावर ते खूप हसले, मग हसता हसता त्यांना ठसका लागला.

मी तिथेच बसून चित्र काढलं. मुठीच्या टोकाची चकती मनगट वाकवलं की टोचते, म्हणजे वार खांद्यातून करायचा. अंगठ्याखाली मुठीवरची चांदी झिजून खालचं लोखंड दिसतं. "ते माझ्या आजोबांच्या आजोबांचं," ते म्हणाले. "आणि हा पोचा माझा. लहानपणी नारळ फोडला होता." म्यानाच्या तोंडाशी कुंकवाचा थर काळपट झाला होता. मी चित्रात सगळं तसंच ठेवलं, फक्त राणीच्या राज्याची म्हणून वाक थोडा बदलला.

चित्र पाहून विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, यह किसकी है?"

"घर की."

ती तलवार खेळात ठेवली गेली. आता म्यानं, कट्यारी, सगळं माझ्याकडेच येतं.

परवा तुम्ही कळवलंत की राणी बटण दाबताच सर्रकन तलवार काढते आणि डोंगर ओलांडून जाते. त्या खेळाचा तेवढा तुकडा मी फोनवर आजोबांना दाखवला. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला.

आमची तशीच आहे, मखमलीवर, चार बोटं बाहेर. संध्याकाळी दिवा लावला की मी म्यानाच्या तोंडात तेलाचे थेंब सोडते आणि एकदा ओढून बघते. आजोबा पलंगावरून विचारतात, "आली?"

"नाही."

"बरं. उद्या ओढ."