पहिला मांडा खापरना

१९८९ साल. मी छप्पन्न वर्षांचा होतो आणि माझी माय जाऊन चार महिने झाले होते. धुळ्यात आग्रा रोडवर माझं टायर रिमोल्डिंगचं दुकान. शिक्षण चौथी, तेही धड नाही. सही येते, टायरवरचे आकडे वाचता येतात. कोणी विचारलंच तर "काम अडत नाही" म्हणून मोकळा व्हायचो.

माय दोंडाईच्याकडची. लग्नकार्यात पुरणाचे मांडे करायला तिलाच बोलावणं यायचं. चुलीवर मातीचं खापर पालथं पडलं की बाकीच्या बाया मागे सरकायच्या. पहिला मांडा हमखास बिघडतो. खापर कुठे किती तापलंय ते कळत नाही, मांडा फाटतो नाहीतर करपतो. चारचौघींत तो आपल्या हातून फाटावा असं कोणाला वाटेल? माय पुढे व्हायची. मांडा हातांवर कोपरापर्यंत पसरवून खापरावर टाकायची. फाटला की म्हणायची, "पहिला मांडा खापरना, दुसरा पाव्हनासना. या वं आते." पहिला खापराचा, दुसरा पाहुण्यांचा; मग नवख्या सुनाही हात लावायच्या.

तिचा हात एवढा बसलेला की पहिलाही चांगलाच निघाला असता. एकदा मी म्हणालो, "माय, तू मुद्दाम फाडस."

"तुले काय करनं शे? जेव गुपचूप."

चौथीत नापास झालो तेव्हा गुरुजींनी मला लहान पोरांत बसवलं. मी दप्तर उचलून घरी आलो तो परत गेलो नाही. माय आठ दिवस मागे लागली. शेवटी म्हणाली, "चाल, मी तुन्हाजोडे बठसू." आणि खरंच माझ्याजवळ वर्गात बसायला निघाली. शाळेच्या पायरीपर्यंत आली. मी वाटेतूनच पळालो होतो. पुढे माझं लग्न झालं, दुकान झालं, तरी मधूनच म्हणायची, "शाळा आठेच शे, कोठे गयी नही." मी ऐकलं नाही. मी कोणाचंच ऐकत नसे.

ती गेल्यावर भाऊबंद म्हणाले, देवळाला मोठं भांडं दे, वर नाव कोर. मी नाही म्हणालो. जवळच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे गेलो. म्हटलं, शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांना पुन्हा शिकायचं असेल, तर त्यांची फी आणि पुस्तकं मायच्या नावाने मी देतो. सर खूश झाले. संध्याकाळचा वर्ग ठरला, फळ्यावर सूचना लागली.

दोन महिने गेले, एक फॉर्म आला नाही. सरांनी दुकानात येऊन सांगितलं, "नाना, उद्या शेवटचा दिवस. कोणी आलं नाही तर वर्ग निघणार नाही. तुमची शिष्यवृत्ती राहून जाईल."

दुकानासमोर सिंधूबाई भाजी घेऊन बसायची. ही दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली, हे मला ठाऊक होतं. तसाच तिच्याकडे गेलो.

"काय गं, फॉर्म का भरत नाहीस? लाज कसली?"

ती मेथीची जुडी बांधत होती. मान वर केली नाही. "नाना, तुम्ही कितवी?"

"चौथी."

"मी पाचवी. पहिले तुम्ही बसा, मागे मी येते."

शेजारी उभा असलेला रिक्षावाला हसला. मी भाजी न घेताच घरी आलो. जेवायला बसलो तर समोर फळीवर मायचं खापर पालथं ठेवलेलं. बायको म्हणाली, "भाजी कुठंय?" 

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलंच नाही. सिंधूबाईच्या टोपलीसमोरून, तिला दिसेल असा, शाळेत गेलो आणि ऑफिसात फॉर्म मागितला.

"कोणासाठी, नाना?" क्लार्कने विचारलं.

"खापरासाठी," म्हणालो, आणि त्याच्याच पेनाने माझं नाव लिहायला बसलो.