दोन चाली उरल्या असताना

शाळेत तिसरा तास चालू होता. सायमन गायकवाडचा मेहुणा वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा बघूनच मला कळलं. "पहाटे गेले दाजी. पुण्याच्या दवाखान्यातच," एवढंच तो म्हणाला. पोरांना पाढे लिहायला सांगून मी खुर्चीत बसलो... त्याला आता पाच आठवडे होतील.

सायमन आमच्या श्रीरामपूरजवळच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होता. दर रविवारी दुपारी आम्ही त्याच्या घरी बुद्धिबळ खेळायचो, तेही चौदा-पंधरा वर्षं. स्पर्धेत प्रत्येकाला चाळीस चालींना अडीच तास मिळतात, ते आधी संपले की डाव हरला; त्यातले दोन तास सायमन पंचविसाव्या चालीपर्यंतच संपवायचा. मग शेवटच्या मिनिटांत, जिथं माझ्यासारख्याच्या कपाळावर घाम येतो, तिथं हा गडी एकदम शांत व्हायचा. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मास्तर, येळ कमी असला की चांगली चाल हुडकायची न्हाई. वाईट नसंल ती खेळायची अन् हात काढून घ्यायचा." मला घड्याळाची धास्ती होती, ती त्याच्या या एका वाक्यानं बरीच कमी झाली.

गेल्या हिवाळ्यात नगरला जिल्ह्याची निवड स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत आम्हीच दोघं समोरासमोर आलो. जिंकेल तो राज्याच्या स्पर्धेला जाणार होता. डाव सायमनचा होता, माझा राजा उघडा पडला होता. अडतीस चाली झाल्या होत्या, दोन उरल्या होत्या आणि त्याच्या घड्याळात जेमतेम दोन मिनिटं होती. त्याला ती भरपूर होती. त्यानं हत्ती उचलला आणि तो त्याच्या बोटांतून निसटून पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. पडताना शेजारची चार मोहरी घेऊन पडला. ज्याच्या हातून मोहरी सांडतात त्यानंच स्वतःच्या वेळात ती मांडायची, असा नियम आहे. सायमन एकेक मोहरं मांडत होता आणि ते परत कलंडत होतं. मी हात पुढे केला असता तर कोणी हरकत घेतली नसती. मी त्याच्या घड्याळाकडे बघत बसलो. वेळ संपली तसा मी पंचांना हाक मारली.

सायमननं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. "संपली खरी," तो म्हणाला आणि हार मान्य केल्याची सही त्यानं डाव्या हातानंच केली.

परतीच्या एसटीत तो राहुरी मागे पडल्यावर म्हणाला, "दिवाळीपास्नं हात ऐकत न्हाई." मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. "यंदा पाऊस न्हाई, ऊस न्हाई. हंगाम लौकर उठंल. मग बघू." मी बरं म्हटलं. मला राज्याच्या स्पर्धेची तयारी करायची होती... हंगाम उठला, मग त्याच्या मुलीची मॅट्रिकची परीक्षा आली. राज्याच्या स्पर्धेत मी एकही डाव जिंकलो नाही. तोवर सायमन पायही ओढायला लागला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी मेंदूत गाठ असल्याचं सांगितलं आणि चार-सहा महिने आधी का आणलं नाही म्हणून त्याच्या बायकोला, मार्थावहिनींना विचारलं. मी शेजारीच उभा होतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. शस्त्रक्रियेनंतर तो शुद्धीवर आलाच नाही.

परवा रविवारी सवयीनं त्याच्या घरी गेलो. मधल्या खोलीत खिडकीपाशी पट मांडलेला होता आणि पटाशेजारी गजराचं घड्याळ होतं. मी वहिनींकडे बघितलं.

"पुन्याला नेईस्तवर रोज बसायचे हितं," त्या म्हणाल्या. "डाव्या हातानं मोहरी उचलायची, ठिवायची. पोरीला घड्याळ धरून बसवायचे. पयल्यांदा लई सांडायची. मागून मागून चांगलं जमाया लागलं हुतं."

"मला बोलला नाही कधी."

"तुमाला सांगू नको म्हनले. मास्तरला कळलं तर पुढच्या साली तो माज्याशी हातचं राखून खेळंल, म्हनायचे."

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी त्या पटासमोर बसलो, त्याच्या नाही, माझ्या बाजूला, आणि बराच वेळ मला मान वर करता आली नाही.