भेळवालीचा आवाज

लग्नकार्यात कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी आधी समोरच्याचं जेवण झालंय का ते बघते. लहान मुलांवर अत्याचार होतात, त्या केसेसमध्ये मी मुलांच्या आणि घरच्यांच्या सोबत असते, पोलीस स्टेशनपासून कोर्टापर्यंत. एवढं सांगितलं की घास तिथंच थांबतो. पुढं कुणी विचारत नाही. पण या कामातही किस्से साचतातच हो! रडवणारे फाइलीत गेले. बाकीचे कोर्टाच्या आवारात चहा पिताना एकमेकींना सांगून सांगून पाठ झालेत.

*

मुलाचं खरं नाव आम्ही कुठंच घेत नाही, कायदाच तसा आहे. पण आपापसात बोलायला काहीतरी नाव लागतंच की. पहिल्या भेटीत केसबद्दल चकार शब्द काढायचा नाही, फक्त काय खाणार ते विचारायचं, असा आमचा रिवाज. मूल जे मागेल ते त्याचं नाव. त्यामुळं आमच्याकडं एक कुल्फीवाला होऊन गेला, एक मोसंबीवाली.

आणि ही बिडकीनकडची भेळवाली, वय वर्षं नऊ. भेळ पाहिजे हे तिनं आईच्या कानात सांगितलं, आईनं मला. कुजबुजण्यापलीकडं ती बोलायचीच नाही. आरोपी बापाचा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून घर. "आवाज करायचा नाय," असं त्यानं दरवेळी दरडावलेलं. तो हर्सूलच्या जेलात गेला, तरी पोरीचा आवाज काही परत आला नाही. आणि सगळी केस तिच्या बोलण्यावर उभी. कोर्टात ती गप्प राहिली तर हा सुटून पुन्हा त्याच भिंतीपलीकडं राहायला येणार. तिच्या आईला या विचारानं जेवण जात नव्हतं.

*

अशा मुलांसमोर पोलिसांनी युनिफॉर्ममध्ये यायचं नसतं. भेळवालीच्या घरी समन्स घेऊन आलेले हवालदार हा नियम अगदी मनापासून पाळून आले. गुलाबी टी-शर्ट, नवी जीन्स, वर गॉगल. तिनं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आईच्या कानाला लागली, "पोलीस आलाय."

पायात मात्र ड्युटीवरचे तेच लाल बूट होते!

हवालदार बिचारे लई खट्टू झाले. टी-शर्ट बायकोनं खास निवडून दिला होता म्हणे.

*

मग भावकी आली समजूत घालायला. घरातलं घरात मिटवू, पोरीचं पुढं लग्न व्हायचंय, कोर्टात कशाला इज्जत घालवता, वगैरे. बाप मान खाली घालून बसलेला. मी पण तिथंच होते आणि माझं डोकं असं तापलं होतं की तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं. आईनं आधी सगळ्यांना चहा दिला. मग दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "मिटवू की. त्याला सोडवून आणा, अन् तुमच्यातल्या एकानं आपली पोरगी सुट्टीत त्याच्या घरी ठेवा. मग मी सही करते."

चहा तसाच राहिला. बापानं त्या दिवसापासून भावकीत जाणं बंद केलं.

*

आमच्या कोर्टातले पट्टेवाले शेख मामा. त्यांनी पक्षकाराचं नाव पुकारलं की कँटीनमधला माणूससुद्धा उठून उभा राहतो. पण मुलांच्या केसमध्ये नाव पुकारायचं नाही, अशी त्यांना ताकीद. मग मामा बोटांवर चालत येतात, वाकतात आणि कानात सांगतात, "चला, आपला नंबर आला." एवढा गरजणारा माणूस कुजबुजतोय म्हटल्यावर सगळा व्हरांडा वळून बघतो! गुपचूप न्यायचं ते राहतं बाजूला.

भेळवालीला मात्र मामा आवडले. मोठा माणूस आपल्यासारखा बोलतो, याचं तिला फार कौतुक.

*

साक्षीआधी मुलांना रिकामं कोर्ट दाखवून आणायचं, हीसुद्धा आमची पद्धत. भीती मोडते. भेळवाली जज मॅडमच्या खुर्चीत बसून आली, पंख्याची बटणं दाबून झाली. मग मी तिला पडदा दाखवला. तो याच्या पलीकडं बसणार, तू त्याला दिसणार नाहीस, तो तुला दिसणार नाही. तिनं माझ्या कानात विचारलं, त्याला ऐकू येईल का?

मी म्हटलं, नाय गं, तू घाबरू नको, अगदी हळू बोल. तेवढ्यात शेख मामा मागून म्हणाले, "येतं की ताई. कपड्याचाच तर पडदा हाय." मी त्यांच्याकडं असं बघितलं की मामा बाहेरच निघून गेले. काय गरज होती का?

*

साक्षीचा दिवस. आईचीही साक्ष व्हायची होती, म्हणून तिला बाहेरच्या बाकावर बसवलेलं. दार बंद. पडद्याआड तो. मी भेळवालीच्या शेजारी. जज मॅडम पुढं वाकून मायेनं म्हणाल्या, "बाळा, हळू बोललीस तरी चालेल. मला ऐकू येतं."

भेळवाली पडद्याकडं बघत म्हणाली, "त्याला पण ऐकू गेलं पाहिजे."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. दार बंद होतं, तरी बाहेर बाकावर बसलेली तिची आई उठून उभी राहिली, असं शेख मामांनी मला नंतर सांगितलं.