पोत्याच्या तोंडाशीचे दाणे

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मी कथा टाकली की दहा मिनिटांत फुलं, टाळ्या, जोडलेले हात येऊन पडतात. ‘अप्रतिम.’ ‘सर, निःशब्द.’ चौदा पानं दहा मिनिटांत वाचून निःशब्द होणाऱ्या या मंडळींचा मला पूर्वी फार राग यायचा. आता येत नाही. मीही त्यांच्यातलाच निघालो.

माझा खरा वाचक एकच होता, शाळेपासूनचा मित्र. त्यानं जन्मभर नागपुरात कळमन्याच्या धान्यबाजारात एका अडत्याकडे माल पारखायचं काम केलं. वरवरचे दाणे तो बघायचाच नाही. टोकदार नळी पोत्याच्या पोटात खुपसायची, मधला हरभरा तळहातावर घ्यायचा, एखादा दाणा दाताखाली फोडायचा आणि मग सांगायचं, ओल आहे, खडे आहेत, कीड लागली आहे. नुसतं ‘माल खराब आहे’ म्हणणाऱ्याला तो उभा राहू द्यायचा नाही.

माझ्या कथाही तो तशाच वाचायचा. रविवारी सकाळी चहाला आला की कागद मधूनच उघडायचा. “सातव्या पानावर हे बाई उगाच रडून राहिली गा. तिले पाचव्या पानावरच रडू यायले पायजे होतं. तिथं तू तिले भाजी चिरायले बसवलं.”

मी चिडायचो. एकदा म्हणालो, “तुले आवडली नाही, असं सरळ सांग ना!”

“आवडली का नाही, हे माह्यं मत झालं. त्यातून तुले माह्याबद्दल समजन. कथेबद्दल काय समजन?”

त्या रविवारी मी त्याच्याशी धड बोललो नाही. पण भाजी काढून टाकली, आणि कथा सुधारली.

मग त्याची बायको गेली. तीन-चार महिन्यांनी तो अकरा पानं घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही लिहिलं होतं, तिच्यावरच. देताना शाळकरी पोरासारखा लाजला. “वाच अन् सांग,” म्हणाला. मी दोन पानं वाचली. तिसऱ्या पानावर ती दवाखान्यात होती. मला पुढे वाचवेना म्हणून मी थांबलो की निव्वळ आळस केला, हे आजही मला नक्की सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी मी म्हणालो, “छान झाली. खूप छान.”

“काय छान हाय?”

“सगळंच.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “पोत्याच्या तोंडाशीचेच दाने पाह्यले ना गा तू?” एवढं म्हणून अर्धा चहा टाकून उठला. पानं माझ्याकडेच राहिली.

त्यानंतर तो आला नाही. पुढे कळलं, मुलगा मौद्याच्या वीज केंद्रात आहे, त्याच्याकडेच राहायला गेला. आधी लाजेनं मी फोन केला नाही, नंतर हट्टानं. त्याला नाही का करता येत, असं मनाशी म्हणायचो. दीड वर्ष गेलं. कथा लिहून व्हायची आणि चिडायला माणूस नसायचा. घरात मी एकटा असतोच, त्याची सवय आहे. पण लिहिताना एकटं पडणं मला सोसलं नाही.

या उन्हाळ्यात एका दुपारी कूलरपुढे बसून ती पानं काढली. मुद्दाम मधूनच उघडली. हाताशी पेन्सिल घेतली. तिसऱ्या वाचनात सापडलं. दुसऱ्या दिवशी मौद्याची बस धरली.

तो खूप वाळला होता. सुनेनं चहा दिला. मी पानं त्याच्या पुढ्यात ठेवली आणि बोललो, “अकरा पानांत वहिनी एकदाही बोलत नाही गा. तूच विचारतो, तूच सांगतो, तूच रडतो. त्यांच्या तोंडी एक वाक्य नाही. कथा तिथं कच्ची राहिली.”

त्यानं चष्मा लावला. एकेक पान उलटून बघितलं, अगदी शेवटपर्यंत.

“खरं हाय,” तो म्हणाला. “तवाच सांगतलं असतं तं लिहिलं असतं मी. तवा तिचा आवाज कानात होता माह्या. आता नाही येत.”

मग पानं खाली ठेवत त्यानं विचारलं, “तुले काही याद हाय का, ते काय बोलत होती?”

मी खूप आठवून पाहिलं. चाळीस वर्षं त्या घरी गेलो, पण आम्ही दोघंच बोलत बसायचो. “दारात म्हणत होत्या,” मी म्हणालो, “‘या भाऊजी, आतच हायेत ते.’ बस, इतकंच.”

त्यानं माझ्या खिशातली पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात तेवढंच लिहून घेतलं.