गर्जेरावाला श्रद्धांजली

जिवंत माणसाला मारण्याचा पराक्रम माझ्या नावावर आहे, आणि तोही मोबाईलवर, चहा पिता पिता. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

दुर्गजवळच्या कोहक्यात आमच्या शेजारी बाबुलालकाका राहतात. पस्तीस वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवली, आता रिटायर. बढाया मारण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. डोंगरगडच्या जंगलात अस्वलाच्या कानफटात हाणली, हे मी वीसदा तरी ऐकलंय. दर वेळी अस्वल हातभर वाढतं. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि फावल्या वेळात मोबाईलवर महानायकाची चित्रकथा काढते. नायक तेजभान, पण वाचक जीव टाकतात त्याच्या साथीदारावर, गर्जेराव योद्ध्यावर. जोडलेल्या भुवया, झुपकेदार मिशा, म्यानात अडकलेली तलवार. "एकटा शंभराले लोळवतो!" म्हणतो आणि तेजभानाच्या पाठीमागे लपतो. सरळ काकांवरून उचललेला. काकांना राग? छे! "माह्यावर पुस्तक निघून राहिलं," असं ते भाजीवाल्यालाही सांगत.

याच बढाईनं त्यांचं घर मोडलं होतं. मुलगा राजदीप नागपुरात ठेकेदाराकडे कामाला. त्याच्या सोयरिकीत काकांनी त्याला मोठा साहेब करून टाकलं. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी खरं बाहेर आलं, मुलीकडचे उठून गेले. चारचौघांत मान खाली गेलेला राजदीप त्याच दिवशी निघून गेला. चार वर्षं फोन नाही की येणं नाही. "मी काय वाईट केलं? पोराची किंमत वाढवली," एवढंच काका म्हणत. त्यांची बायको, गिरजाकाकू, मात्र दार वाजलं की पोराचंच नाव घेऊन उठत.

बाराव्या भागात मी गर्जेरावाला मारलं. राक्षसाच्या पायाखाली, बढाई अर्धवट. गंमत म्हणून कार्डही बनवलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. वेगळं चित्र काढायचा कंटाळा आला, म्हणून काकांचा निरोप समारंभातला फोटो लावला. गळ्यात हार होताच. खाली बारीक अक्षरात 'गर्जेराव योद्धा'. सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं आणि शाळेत गेले.

कॉलनी हसली. पण कोणीतरी ते काकांच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ढकललं. असं कार्ड आपल्यात वाचतो कोण? हार दिसला की हात जोडायचे. दुपारपर्यंत सत्तर जणांनी 'विनम्र अभिवादन' लिहिलं. घरी फोन करावा, तर म्हणे दुःखात कशाला त्रास! मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पाचला मी काकांच्या ओसरीवर बसले होते. अस्वलाची गोष्ट चालली होती. फाटकापाशी ऑटो थांबला आणि राजदीप उतरला. डोळे सुजलेले, हातात घडी घातलेलं कोरं पांढरं कापड. मयतावर घालायला आणलेलं.

तो बापाकडे बघत राहिला, बाप त्याच्याकडे. गिरजाकाकू आतून आल्या आणि पोराला बघून रडायलाच लागल्या. कापड कशासाठी आहे, हे त्यांना कळलंच नाही.

"ये क्या है?" राजदीप ओरडला. "दुर्गपर्यंत गाडीत उभ्यानं रडत आलो मी! अन् हे बी झूठ? मले बोलवाले आपलं मरण सांगतलं तुमी?"

चूक माझी आणि शिक्षा म्हाताऱ्याला! "कार्ड मी बनवलं रे," मी कसंबसं बोलले आणि मोबाईल पुढे केला. त्यानं खालची बारीक अक्षरं वाचली, पण राग उतरला नाही. तो तसाच फाटकाकडे वळला.

मला वाटलं, आता काका गर्जतील, बघा, बापासाठी पोरगा कसा धावत आला! ते उठले, मिशीला पीळ द्यायला हात नेला, आणि तसाच खाली आणला. अख्ख्या आयुष्यात मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"राजदीप," ते म्हणाले, "हे कार्ड माहं नाई. पन साक्षगंधातलं झूठ माहंच होतं. मले तुही लाज वाटत होती, म्हनून तुले साहेब केलं. लाज तं मले माही वाटाले पायजे होती."

राजदीपचा हात फाटकाच्या कडीवर होता. त्यानं कडी परत लावली. मग तो आत आला, आणि ते कापड कुठे ठेवावं हे न कळून त्यानं माझ्या हातात दिलं.